विजांच्या पावसात तंबूचा मुक्काम: विदर्भात पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

तंबू पाणी अडवतो, वाराही बऱ्यापैकी सोसतो, पण विजेपुढे त्याचा काहीएक उपयोग नाही. दुकानात त्यावर ‘स्टॉर्मप्रूफ’ अशी चिठ्ठी असते ती कापडाबद्दल आणि पोलबद्दल, आत झोपणाऱ्या माणसाबद्दल नव्हे. म्हणून नवख्यांनी तयारीचे दोन भाग डोक्यात वेगळे ठेवावेत. कोरडं राहणं हा सामानाचा आणि हाताच्या सवयीचा भाग आहे. जिवंत राहणं हा जागेचा आणि वेळेचा भाग आहे आणि त्याचा हिशेब तंबू पिशवीतून काढण्याआधीच करावा लागतो: कडकडाट सुरू झाला तर आपण कुठे जाणार आणि तिथे पोचायला किती मिनिटं लागणार? चिखलदऱ्याचं पठार असो, रामटेकजवळचा खिंडसी तलाव असो, नवेगावबांध असो की मित्राच्या मामाचं वावर, या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय पहिली खुंटी ठोकू नका.

कोणत्या महिन्यात काय अंगावर येतं

सह्याद्रीतल्या पावसात राहिलेली मंडळी इकडे येतात तेव्हा थोडी गाफील असतात. तिकडचा पाऊस दिवसभर कोसळतो, माणूस भिजायची तयारी ठेवूनच जातो. विदर्भात जो पाऊस धोक्याचा, तो बऱ्याचदा तास-दीड तासात येऊन निघूनही जातो. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. दुपारभर तापलेल्या जमिनीवरची हवा वर चढते आणि तिला कुठून ओल मिळाली की तीन-चार वाजल्यानंतर क्षितिजावर कोबीच्या गड्ड्यासारखे ढग फुगायला लागतात. सकाळी निळंभोर आभाळ होतं, म्हणून संध्याकाळ कोरडी जाईल असं इथे कुणी शेतकरी धरून चालत नाही.

२५ मेच्या सुमारास रोहिणी लागतं, ७-८ जूनला मृग. पेरणीची लगबग सुरू असते आणि वावरात माणसं असतात, नेमके तेच दिवस विजांचे. जूनच्या मध्यानंतर मोसमी पाऊस स्थिरावला की विजा काहीशा कमी होतात आणि झड सुरू होते. तेव्हा प्रश्न ओलीचा आणि पुराचा असतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात परतीच्या पावसाबरोबर विजा पुन्हा येतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये अवकाळी आणि गारपीट. २०१४ सालच्या गारपिटीने संत्र्याच्या बागा आणि उभा गहू झोपवला, ते इथल्या शेतकऱ्याला अजून आठवतं. गारांपुढे तंबूचं कापड टिकत नाही.

माझं मत विचाराल, तर पहिला मुक्काम नोव्हेंबर ते जानेवारीत करावा. थंडी वाजेल, पण तंबू उभारायला शिकाल. पण उन्हाळ्याच्या सुट्ट्या मेमध्येच असतात आणि नागपूर-अमरावतीच्या उकाड्यातून माणूस चिखलदऱ्यालाच पळतो, हेही खरं. तेव्हा पुढचं सगळं अशांसाठी.

निघायच्या आदल्या दिवशी

भारतीय हवामान विभागाचं प्रादेशिक केंद्र नागपुरात आहे आणि तिथून विदर्भाच्या ११ जिल्ह्यांसाठी रोज जिल्हावार इशारे निघतात. ते ‘मौसम’ अॅपवर दिसतात. पिवळा इशारा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे लगेच कृती करा, आपल्यापुरतं तर घरीच राहा. तुमच्या जिल्ह्याला ‘मेघगर्जना, विजा आणि वादळी वारा’ असा नारिंगी इशारा असेल, तर नवख्यांनी बेत पुढे ढकलावा. तंबू पुढच्या शनिवारीही तोच राहणार आहे. याशिवाय पुढच्या तीन तासांचा तातडीचा इशाराही निघतो. मुक्कामाच्या दिवशी दुपारपासून तोच जास्त कामाचा.

दुसरं अॅप ‘दामिनी’. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ते केलं आहे. गेल्या काही मिनिटांत तुमच्या भोवतीच्या २० आणि ४० किलोमीटरच्या वर्तुळांत वीज पडली का, ते नकाशावर दिसतं. घरीच उतरवून घ्या आणि लोकेशनची परवानगी देऊन ठेवा. मात्र मेळघाटात किंवा गडचिरोलीच्या आतल्या भागात रेंज मिळेलच असं नाही. तिथे अॅपवर विसंबलेला माणूस आंधळाच. कान आणि डोळे वापरायची पद्धत पुढे दिली आहे, ती मुखपाठ हवी.

परवानगीचंही याच दिवशी बघा. मेळघाट, ताडोबा, पेंच, नवेगाव-नागझिरा, बोर हे व्याघ्र प्रकल्प आहेत. तिथे मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही. वनविभागाने ठरवून दिलेली जागा, गावकऱ्यांच्या समितीने चालवलेली जागा किंवा मालकाला विचारून खासगी शेत, एवढेच पर्याय. ठरलेल्या जागेचा एक फायदा असा की जवळ बहुधा एखादी पक्की इमारत असते.

घरी कुणाला तरी जागेचं नाव, गाडीचा नंबर आणि परतायची वेळ सांगून निघा.

सामानाचं थोडक्यात

तंबू दोन थरांचा हवा: आत जाळीचा, वर पाणी न शोषणारं कापड, ज्याला फ्लाय म्हणतात. हा फ्लाय जमिनीपर्यंत उतरणारा असावा. नुसत्या टोपीएवढा फ्लाय असलेले स्वस्त तंबू हिवाळ्याला ठीक. वादळात पाऊस आडवा येतो आणि जाळीतून थेट अंथरुणावर. कापडाच्या पाणीरोधकतेचा आकडा मिलिमीटरमध्ये लिहिलेला असतो. फ्लायसाठी २००० आणि तळासाठी ३००० किंवा वर असेल, तर आपल्या कामाला पुरे. नवा तंबू गच्चीवर किंवा अंगणात उभा करा आणि बागेच्या नळीने दहा मिनिटं पाणी मारा. शिवणीतून थेंब आले, तर तिथे सीम सीलर, म्हणजे शिवण बुजवायचा चिकट द्रव, लावा आणि नीट वाळू द्या. हे काम अंगणात जमलं नाही, तर जंगलात अंधारात मुळीच जमणार नाही.

बाकी यादी साधी आहे: जाड ताडपत्री, पंधरा-वीस मीटर नायलॉन दोरी, तंबूसोबतच्या नाजूक खुंट्यांऐवजी गावच्या लोहाराकडून करून घेतलेल्या फूटभर लांबीच्या लोखंडी खुंट्या, हातोडी, डोक्याला लावायची बॅटरी, पॉवर बँक, शिट्टी, जुनं सुती फडकं, रबरी चप्पल. खताच्या रिकाम्या धुतलेल्या गोण्या चार-पाच घ्या. त्यांचा उपयोग खाली येतोच. झोपायचे कपडे आणि पांघरूण प्रत्येकाने जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बांधून ठेवावं आणि मग ती पिशवी सॅकमध्ये. सॅकवरचं रेनकव्हर पाठीकडून येणारं पाणी अडवत नाही.

खाण्यात चूल न पेटवता भागेल असं काहीतरी हवं. भाकर, तिळाची चटणी, फुटाणे, थर्मासमध्ये चहा. पाऊस लागला म्हणून तंबूच्या आत किंवा दाराच्या पडवीत स्टोव्ह पेटवायचा मोह होतो. आग लागते तेव्हा सेकंदांत लागते. आणि आग लागली नाही, तरी बंद जागेत साचणारा कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही. शेगडीसुद्धा आत नको.

जागा निवडताना

दिवस मावळायच्या किमान दोन तास आधी पोचा. जागा अंधारात निवडता येत नाही.

सगळ्यात आधी निवारा शोधा. निवारा म्हणजे दोनच गोष्टी: वायरिंग आणि नळ असलेली पक्की बंद इमारत, जसं जिल्हा परिषदेची शाळा, ग्रामपंचायत, स्लॅबचं घर, किंवा धातूच्या टपाची बंद गाडी. गाडीतलं संरक्षण टायरमुळे मिळत नाही. पत्र्याच्या सांगाड्यावरून वीज बाहेरच्या बाहेर जमिनीत जाते, म्हणून मिळतं. त्यामुळे कापडी टपाची जीप, ऑटो, ट्रॅक्टर आणि मोटारसायकल यात मोडत नाहीत. टिनाचं उघडं शेड, देवळाचा खांबांवरचा सभामंडप, बसथांबा, कुडाचा गोठा, पिकाची राखण करायचं मचाण, वनविभागाचा मनोरा, यांपैकी काहीही विजेपासून वाचवत नाही. पावसापासून वाचवतं, आणि तिथेच घात होतो. माणसाला कोरडं झालं की सुरक्षित झाल्यासारखं वाटतं.

गाडी तंबूपासून चालत पाच मिनिटांच्या आत हवी, आणि ती डांबरावर किंवा मुरमाच्या रस्त्यावर, तोंड परतीच्या दिशेला करून. काळ्या मातीच्या वावरात उतरवलेली गाडी एका सरीनंतर जागची हलत नाही. मग वापसा होईपर्यंत, म्हणजे माती पुरेशी सुकेपर्यंत, नाहीतर कुणाची बैलजोडी-ट्रॅक्टर मिळेपर्यंत तिथेच.

आता विजेच्या नजरेने जागा बघा. तिला उंच आणि एकटं काहीतरी हवं असतं. माळावरचं एकुलतं मोहाचं झाड, धुऱ्यावरची (शेताच्या बांधावरची) बाभूळ, तलावाच्या पाळीवरची चिंच, टेकडीचा माथा, विजेचा खांब, मोबाइल टॉवर, हे सगळं टाळा. चिखलदऱ्याला पॉइंटांच्या कड्यावर सूर्यास्त बघायला तंबू लावावासा वाटतो. ते पठार ११०० मीटरच्या आसपास उंचीवर आहे आणि कड्याचा काठ हा त्यातला सगळ्यात उघडा भाग. सूर्यास्त बघा आणि मागे फिरा.

मोकळ्या मैदानात मधोमध तंबू लावला, तर सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच होता. मग लावायचा कुठे? आजूबाजूला साधारण सारख्या उंचीची, दाट आणि फार उंच नसलेली झाडं असतील, त्यांच्या कडेला, बुंध्यांपासून अंतर ठेवून. डोक्यावर वाळकी फांदी नाही ना, हेही बघा. वादळात सागाची आणि निंबाची वाळकी फांदी विजेपेक्षा आधी खाली येते.

मग पाण्याच्या नजरेने. कोरडा नाला दिसायला सपाट, वाळूचा, मऊ. झोपायला याहून चांगली जागा दिसत नाही आणि याहून वाईट जागाही नाही. डोंगरात वर पाऊस झाला की तुमच्या डोक्यावर चांदणं असतानाही लोंढा येतो. मेळघाटातल्या सिपना-गडग्यासारख्या नद्यांचे काठ त्यासाठी मुक्कामाला टाळावेत. झुडपांच्या फांद्यांत अडकलेला पालापाचोळा आणि चिंध्या बघा. मागचं पाणी तिथवर आलं होतं. त्याच्या बऱ्याच वर राहा. धरणाच्या खालच्या अंगाला नदीपात्रात तर नाहीच; भोंगा वाजवून दरवाजे उघडतात, पण झोपेत तो ऐकू येईलच असं नाही. भंडारा-गोंदियाकडे माजी मालगुजारी तलाव, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या काळातले तलाव, गावोगाव आहेत. तिथे पाळीवर नको, ती उंच आणि उघडी. सांडव्याच्या वाटेवरही नको. धानाच्या बांध्या पाणी साठवण्यासाठीच केलेल्या असतात, तेव्हा त्यांत झोपणं म्हणजे उघड उघड पाण्याला बोलावणं.

एवढं बघूनही शेवटी मालकाला किंवा गुराख्याला विचारा. “इथं नोका लावू भाऊ, पाणी इथूनच वाह्यते,” हे एक वाक्य तासभराच्या पाहणीपेक्षा मोलाचं. त्यालाच आणखी एक विचारायचं: कुंपणात करंट आहे का? रानडुकरांपासून पीक वाचवायला विदर्भात अनेक शेतांभोवती झटका मशीनच्या तारा असतात. मशीनचा झटका सहसा हादरवतो, पण कुठे कुठे बेकायदा थेट लाइनचा करंट सोडलेला असतो आणि त्याने माणसं मेली आहेत. अंधारात, पावसात, गाडीकडे पळताना तुम्ही कोणत्या वाटेने जाणार, ती वाट उजेडात एकदा चालून बघा. कुंपण ओलांडावं लागत असेल, तर जागा बदला.

तंबू उभारणे

१. खडे-काटे काढा. किंचित उतार असेल, तर डोकं वरच्या बाजूला येईल असा तंबू ठेवा. खळगा दिसत नसला, तरी बाटलीभर पाणी ओतून बघा, कुठे जातं ते कळतं.

२. ताडपत्री खाली अंथरा, पण तिच्या कडा तंबूच्या तळाच्या आत दुमडून घ्या. कडा बाहेर राहिली, तर फ्लायवरून निथळणारं पाणी तीच गोळा करून तुमच्या पाठीखाली आणते. बाकी सगळं नीट असूनही ज्यांचा तंबू भिजतो, त्यांनी आधी ही कडा तपासावी.

३. तंबूची अरुंद बाजू वाऱ्याकडे, दार वाऱ्याच्या उलट. कोणता वारा? आत्ता वाहतोय तो नव्हे. वादळाचा वारा ढगाकडून येतो, म्हणून काळं कुठून चढतंय ते बघून ठरवा.

४. खुंट्या तंबूपासून बाहेरच्या बाजूला कललेल्या ठोका, म्हणजे दोरीचा ताण त्यांना उपटू शकत नाही. मुरमात लोखंडी खुंटी हातोडीने जाते आणि छान धरते. काळ्या मातीचा मात्र भरवसा नाही. उन्हाळ्यात तिला भेगा असतात, खुंटी भेगेत हलते. भिजली की लोण्यातून यावी तशी खुंटी वर येते. तिथे खताच्या गोणीत माती भरा, दोरी गोणीच्या मध्यावर बांधा, हातभर खड्डा करून गोणी आडवी पुरा आणि वरून माती दाबा. चार कोपऱ्यांना अशा चार गोण्या पुरल्या, की वावधन (सोसाट्याचा वारा) सुटलं तरी तंबू जागेवर. खड्डे सकाळी बुजवायचे.

५. फ्लायच्या सगळ्या दोऱ्या बांधा. पिशवीत गुंडाळलेल्या दोऱ्या शोभेच्या नाहीत. फ्लाय ताठ आणि आतल्या थरापासून सगळीकडे दूर असला पाहिजे. जिथे दोन्ही थर टेकतील तिथून ओल आत येते. नायलॉन भिजल्यावर सैल पडतं, म्हणून पहिल्या सरीनंतर एकदा बाहेर येऊन दोऱ्या पुन्हा ताणायच्या. आधी कडकडाट थांबलेला हवा, हे वेगळं सांगायला नको.

तंबूभोवती चर खणायची जुनी पद्धत मला पटत नाही. जागा चुकली असेल, तर चराने ती सुधारत नाही. काळ्या मातीत तर चर म्हणजे दारापुढे चिखलाचं डबकं. धातूचे पोल वीज ओढतात का, हेही बरेच जण विचारतात. वीज बघते उंची आणि उघडेपणा. चार फुटांच्या अॅल्युमिनियमच्या पोलने त्यात फरक पडत नाही. फायबरच्या पोलने कुणी सुरक्षितही होत नाही.

आभाळ भरून आलं

वादळ यायच्या आधी बहुतेक वेळा हवा पडते. पान हलत नाही, उकाडा असह्य होतो, गुरं बिथरतात. मग एकदम गार झोत येतो आणि त्यामागून धुळीचा लोट. तो झोत ढगातून खाली कोसळणाऱ्या थंड हवेचा असतो. तो अंगाला लागला म्हणजे ढग दारात आहे.

त्याआधीच मोजायला सुरुवात करा. वीज चमकली की मोबाइलवर सेकंद मोजा, गडगडाट ऐकू आला की थांबा, आलेल्या आकड्याला तीनने भागा. तितके किलोमीटर वीज लांब आहे. ३० सेकंदांच्या आत आवाज आला, म्हणजे ती १० किलोमीटरच्या आत आहे आणि आता निवाऱ्यात असायला हवं. असायला हवं, निघायला नव्हे. ताशी ४० किलोमीटरने सरकणारा ढग १० किलोमीटर १५ मिनिटांत कापतो, आणि पोरंबाळं, बॅटऱ्या, चपला गोळा करून नवखा गट तंबूतून निघायलाच दहा मिनिटं घेतो. म्हणून माझा नियम सोपा आहे: लहान मुलं बरोबर असतील किंवा गाडी पाच मिनिटांहून लांब असेल, तर मोजत बसायचं नाही. पहिला गडगडाट ऐकू आला की उठायचं. गडगडाट ऐकू येतो त्या अंतरावर वीज पडू शकते, मग तिथे पाऊस असो वा नसो.

निघण्याआधी हाताशी दोन मिनिटं असतील, तर फ्लायची चेन लावा आणि पोल काढून तंबू आडवा पाडा, वर दगड ठेवा. आडवा पडलेला तंबू फाटत नाही. वेळ नसेल, तर सोडून द्या. तलावात पोहणारे, गळ टाकून बसलेले, बोटीतले, यांनी सगळ्यात आधी पाणी सोडायचं.

कडकडाट सुरू असताना

गाडीत बसलात की काचा वर, इंजिन बंद, हात मांडीवर. दाराची कडी, स्टिअरिंग, चार्जिंगला लावलेला मोबाइल यांना हात नको. नुसता हातातला मोबाइल वीज ओढतो, ही समजूत खोटी आहे. तो खुशाल वापरा. पक्क्या इमारतीत असाल, तर ओसरीवर उभं राहून मजा बघू नका. नळ, वायर, खिडकीचे गज आणि भिंतीला टेकणं टाळा. पायाकडून जन्मलेल्या माणसावर, म्हणजे पायाळूवर, वीज पडते असा समज आहे; गटात असा कुणी निघाला, की त्याला बाहेर काढायचे विनोद होतात. विजेला पायाळू-बियाळू कळत नाही.

शेवटचा गडगडाट ऐकू आल्यापासून ३० मिनिटं आतच राहायचं. मध्ये पुन्हा एकदा गडगडलं, तर घड्याळ पुन्हा शून्यावर. पाऊस थांबला, चांदण्या दिसल्या, म्हणून लोक बाहेर येतात, आणि ढगाच्या शेपटाकडून वीज पडते. झोपायला उशीर होईल, होऊ द्या.

आणि निवारा नसेलच तर? ट्रेकला निघालात, गाडी चार किलोमीटर मागे राहिली, तर हाती उरतं ते धोका कमी करणं; सुरक्षित जागा उरत नाही. माथा, कडा, पाणी, तारेचं कुंपण आणि एकटं झाड सोडून सखल भागात उतरा, नाल्यात मात्र नको. झाडाच्या बुंध्याशी उभं राहणं सगळ्यात वाईट, कारण झाडावर पडलेली वीज बाजूला उडी मारून माणसावर येते. जास्तीत जास्त माणसं मात्र जमिनीतून पसरणाऱ्या प्रवाहाने दगावतात. दोन पायांत अंतर असेल, तर तो एका पायातून चढतो आणि दुसऱ्यातून उतरतो. झाडाखाली बांधलेली गुरं एकदम मरतात ती यामुळेच. त्यांच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर मोठं. म्हणून आडवं झोपू नका, हात टेकू नका. पाय जुळवून, उकिडवं, डोकं गुडघ्यांत, कान झाकून बसा. गटाने एकमेकांना बिलगायचं नाही. १५-२० मीटर अंतर ठेवायचं, म्हणजे एकाला लागलं, तर दुसरा मदतीला उरतो. केस उभे राहिले, अंगाला मुंग्या आल्या किंवा जवळच्या धातूतून चरचर ऐकू आली, तर क्षणही न दवडता असं बसायचं. तंबूतच अडकलात, तर पोलपासून दूर, मॅटवर असंच बसा. याला सुरक्षितता समजू नका, नाइलाज आहे.

वीज लागली तर

वीज लागलेल्या माणसाला हात लावला की आपल्याला शॉक बसतो, हा समज अजून घट्ट आहे. त्याच्या अंगात करंट उरलेला नसतो. लगेच हात लावा. श्वास आणि प्रतिसाद नसेल, तर छातीच्या मधोमध तळहाताने दाबायला सुरुवात करा: ५ सेंटिमीटरच्या आसपास खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. शिकलेले असाल, तर ३० दाबांनंतर दोन श्वास द्या. विजेत हृदय पुन्हा सुरू होऊनही श्वास बंद राहू शकतो. दुसऱ्याने १०८ किंवा ११२ लावायचा. अनेक जण पडले असतील, तर ओरडणारा, कण्हणारा नंतर. आधी निपचित पडलेला. तो मेल्यासारखा दिसतो, पण बरेचदा वाचवता येतो. मध्य भारतातल्या काही भागांत अशा माणसाला शेणात किंवा मातीत पुरतात. कुणी तसं सुचवलं, तर हात जोडून नाही म्हणा. ती मिनिटं छाती दाबण्याची असतात. शुद्धीवर आला, चालायला लागला, तरी ग्रामीण रुग्णालयात न्यायचाच.

नुसत्या भिजलेल्या माणसाकडेही लक्ष असू द्या. चिखलदऱ्याच्या वाऱ्यात मे महिन्यातही ओल्या कपड्यांनी दात वाजतात. कपडे बदला, पांघरूण द्या, गोड गरम पाजा.

पुन्हा तंबूत

कडकडाट संपला, अर्धा तास गेला, आता परत जायचं. हातात बॅटरी आणि काठी हवी, पायात बंद बूट. पावसाने बिळांत पाणी शिरलं की साप आणि विंचू बाहेर येतात. मण्यार रात्रीच फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्याला चावतो. चावल्याची खूण कधी कधी दिसतही नाही. तंबूची चेन कायम पूर्ण लावलेली हवी. बूट बाहेर ठेवले, तर घालण्याआधी झटकायचे. वाटेत वीजवाहिनी तुटून पडली असेल, तर लांबून वळसा घाला. ओल्या जमिनीतूनही करंट येतो. गावात कळवा, महावितरणला फोन करा.

आत शिरताना ओले कपडे आणि चपला दाराच्या पडवीतच. तळावर पाणी असेल, तर फडक्याने टिपून बाहेर पिळा. मग प्लॅस्टिकमधलं पांघरूण उघडा, त्याआधी नाही. भिंतींना सॅक टेकू देऊ नका. गार हवा येते म्हणून वरची हवेची झडप बंद करायची नाही: चार माणसांच्या श्वासाची वाफ रात्रभर कापडावर जमते आणि पहाटे ठिबकते, आणि नवखे म्हणतात, तंबू गळतोय.

सकाळी खुंट्या मोजून उचला, गोण्यांचे खड्डे बुजवा. तंबू ओलाच गुंडाळावा लागला, तर घरी पोचल्यावर त्याच दिवशी गच्चीवर सावलीत पसरा. ओला तंबू दोन दिवस पिशवीत राहिला की बुरशी धरते आणि कापडावरचा पाणीरोधक थर सुटायला लागतो. काळ्या मातीने माखलेल्या खुंट्या धुऊन, पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवा.